अम्मींच्या मापाची खुर्ची

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे फजरच्या वेळी आतल्या खोलीतून धप्प असा आवाज आला. धावत गेलो तर अम्मी फरशीवर आडव्या पडलेल्या आणि शेजारी प्लास्टिकची खुर्ची, मागचे दोन्ही पाय फाकलेली. गुडघेदुखीमुळे अम्मी गेली चार वर्षे खुर्चीवर बसून नमाज पढतात. ओलसर फरशीवर खुर्चीचे पाय सरकले आणि त्या मागच्या मागे गेल्या. अल्लाहची मेहरबानी, हाड मोडले नाही. कोपराला मुका मार लागला, तो पंधरा दिवसांत बरा झाला.

बरी झाली नाही ती भीती. त्यानंतर अम्मी कोणत्याही खुर्चीवर बसायच्या आधी तिचा हात धरून हलवून पाहू लागल्या. उठताना एक हात भिंतीला. जेवायलाही पलंगाच्या कडेवरच बसू लागल्या. ज्यांनी आम्हा सगळ्यांना उभे केले, त्यांना आता स्वतः उभे राहायला भिंत लागत होती. हे बघवत नव्हते.

आम्ही आधी लोखंडी घडीची खुर्ची आणली. तिचे कापड महिन्याभरात झोळीसारखे खाली गेले. मग दुकानातून चकचकीत लाकडी खुर्ची आणली. ती भुशाच्या फळीची निघाली. स्क्रू ढिले झाले की भुसा गळायचा. शिवाय एकीवर अम्मींचे पाय अधांतरी राहायचे आणि दुसरी इतकी बुटकी की उठताना दोघांनी धरायला लागायचे. एक दिवस अम्मीच म्हणाल्या, "या सगळ्या खुर्च्या दुसऱ्याच कुणाच्या मापाच्या आहेत रे."

त्या वाक्याने आम्हाला लोणीचा रस्ता दाखवला.

लोणीचे तात्या

आंबेगाव तालुका म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर भीमाशंकरचा धुवांधार पाऊस आणि डिंभे धरण येते. लोणी मात्र तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू टापूत आहे. मंचर सोडून पूर्वेला निघाले की हिरवळ हळूहळू विरळ होते आणि बाभळी दिसू लागतात. या गावात आमच्या अब्बांच्या ओळखीचे एक वयस्क सुतार आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. आमच्या घरातला जुना पाळणा त्यांच्या वडिलांच्या हातचा. त्यात आमच्या घरातली तीन पिढ्यांची मुले झोपली.

आम्ही तात्यांना म्हणालो, "अम्मींसाठी एक खुर्ची करून द्या."

तात्यांनी दोन्ही हात पुढे धरले. हात थरथरत होते. "बघा. पटाशी धरली की ती नाचते. मी न्हाई करू शकत. पण तुम्ही करा, मी सांगतो."

आम्हाला वाटले, थट्टा करताहेत. आमच्यापैकी कोणी आयुष्यात खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. पण तात्या गंभीर होते. गावातल्या दोघा-तिघांनी आधीच त्यांच्या मागे लकडा लावला होता, की तुम्ही आहात तोवर आम्हाला काहीतरी शिकवा. त्यांची दोन्ही मुले पुण्यात कंपनीत आहेत. अवजारांची पेटी दोन वर्षे बंद होती. असे जमता जमता आम्ही सात जण झालो. आम्ही दोघे नवरा-बायको, दहावीत गणितात नापास होऊन घरी बसलेला आमचा भाचा, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, शिवणकाम करणाऱ्या एक ताई, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि गावातला एक तरुण शेतकरी. दर रविवारी सकाळी नऊ ते जोहरपर्यंत, तात्यांच्या पत्र्याच्या पडवीत. प्रत्येकाने एक खुर्ची करायची. चार रविवारांत होईल असे आम्ही धरले होते. लागले अकरा.

एक गोष्ट आम्हाला तिथे पहिल्यांदा नीट समजली. सुतार हा आपल्या गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, तिफण, बैलगाडी, दाराची चौकट, पाळणा, सगळे त्याच्या हातून व्हायचे आणि सुगीला शेतकरी त्याला धान्याच्या रूपात बलुते द्यायचा. मग लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथले लोखंडी नांगर गावोगाव गेले. शेतकऱ्याचे कष्ट हलके झाले, हे खरेच. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैलगाडीही गेली. सुताराकडे उरल्या चौकटी, आणि त्याही आता सिमेंटच्या व लोखंडाच्या होतात. तात्या हे सांगत होते ते तक्रारीच्या सुरात नव्हे. "काळ बदलला, बदलू दे," ते म्हणाले. "पण हातातली अक्कल संगं नेऊन काय करू?"

आधी माणूस मोजायचा

पहिल्या रविवारी लाकडाला हातच लावला नाही. तात्या म्हणाले, "खुर्ची कुणासाठी? त्या माणसाचं माप आणा." आम्ही मंचरला परतलो आणि अम्मींना पलंगावर बसवून टेपने मापे घेतली. तात्यांनी सांगितलेली चार मापे अशी. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतची उंची, कमरेच्या मागच्या बाजूपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची लांबी, बसल्यावर लागणारी रुंदी आणि बसलेल्या जागेपासून कोपरापर्यंतची उंची.

अम्मींचे पहिले माप साडेपंधरा इंच आले. बाजारातल्या बहुतेक खुर्च्यांची बैठक सतरा-अठरा इंचांवर असते. म्हणून पाय अधांतरी. पण तात्यांनी साडेपंधराही ठेवू दिले नाही. बैठक जितकी बुटकी, तितका उठताना गुडघ्यांवर भार जास्त. तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि उठणेही सोपे झाले पाहिजे, या दोन्हींचा मेळ घालून त्यांनी सोळा इंच ठरवले. बैठकीची खोली अशी ठेवायची की गुडघ्यामागे दोन-तीन बोटे मोकळी राहतील. नाहीतर कड रुतते, पायाला मुंग्या येतात आणि माणूस पुढे सरकून बसतो, मग पाठीला टेकाच मिळत नाही. हात कोपराच्या उंचीवर आणि पुढच्या पायांपर्यंत आलेले, म्हणजे उठताना त्यांवर जोर देता येतो. पाठ जरा मागे झुकलेली, पण आरामखुर्चीइतकी नाही.

किती साधी गोष्ट! कपडे शिवताना आपण माप देतो, चपलेचा नंबर सांगतो. ज्या वस्तूवर दिवसाचे कित्येक तास काढतो तिचे माप मात्र कुणी विचारत नाही.

कारखान्याच्या खुर्चीचीही एक गंमत गुरुजींनी सांगितली. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये वाफेवर लाकूड वाकवून एक खुर्ची बाजारात आणली. लाकडाचे सहाच भाग आणि थोडे स्क्रू. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि जहाजाने जगभर जात. आपल्या मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या गोल बैठकीच्या, वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. त्या खुर्चीने गरिबालाही स्वस्तात टेकायला जागा दिली, तिचे उपकारच आहेत. पण सगळ्यांचे माप एक नसते. म्हातारपणी आणि आजारपणात तर नसतेच.

लाकूड कोणते?

तरुण शेतकऱ्याने उत्साहाने आपल्या बांधावरची बाभूळ पाडून आणली होती. बाभूळ चिवट आणि टणक, पूर्वी नांगराला आणि गाडीच्या चाकाला तीच लागायची. पण तात्यांनी ती बाजूला ठेवायला लावली. ओले लाकूड वाळताना आकसते, आणि आकसते तेही सगळीकडे सारखे नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र बरेच. त्यामुळे ओल्या लाकडाची आज केलेली घट्ट जोड सहा महिन्यांनी खुळखुळते किंवा फळीला भेग जाते. त्यांचा ठोकताळा असा, की फळीच्या दर इंच जाडीला एक वर्ष वाळवण. तीही उन्हात नव्हे, तर सावलीत, वारा खेळेल अशी, दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घालून रचलेली. ऐकले नाही तर काय होते, हे त्या शेतकऱ्याने स्वतःच पाहिले. एक तुकडा त्याने हट्टाने उन्हात ठेवला, पुढच्या रविवारी त्याला बोट जाईल एवढी भेग पडली होती.

बाकीच्यांनी जुने लाकूड घेतले. पाडलेल्या जुन्या घराचे सागवानी वासे आणि तुळया आपल्या भागात अजून मिळतात. पुण्याला भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडेही चौकशी करता येते. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी आणि ओल यांना तो दाद देत नाही. शिवाय पन्नास-साठ वर्षे छताखाली राहिलेले लाकूड जितके आकसायचे तितके आधीच आकसलेले असते. अडचण एकच, लपलेले खिळे. आमच्या करवतीचे तीन दात पहिल्याच दिवशी एका खिळ्याने खाल्ले. तेव्हापासून आम्ही आधी लोहचुंबक फिरवू लागलो. ही युक्ती भाच्याची.

पटाशी, रंधा आणि आमचा अहंकार

तात्यांची पेटी उघडली तेव्हा आतून तेलाचा आणि लाकडाचा वास आला. करवत, लहान-मोठे रंधे, तीन-चार रुंदीच्या पटाश्या, वाकस, गिरमिट, गुण्या, कानस आणि धार लावायचा निसणा. दुसरा अख्खा रविवार फक्त धार लावण्यात गेला. पटाशी निसण्यावर एकाच कोनात धरून घासायची. हात जरा डुलला की धार गोल होते. "बोथट पटाशीनं बोट कापतं, धारेच्या पटाशीनं लाकूड कापतं," हे तात्यांचे म्हणणे आम्हाला उलटे वाटले. नंतर पटले. बोथट असली की आपण जोर लावतो आणि जोर लावला की ती सटकते. एक नियम त्यांनी पहिल्या दिवशीच घालून दिला होता, पटाशीच्या पुढे स्वतःचा हात कधीही ठेवायचा नाही.

रंधा मारताना आमची फार फजिती झाली. तो अडायचा, लाकूड ओरबाडायचा. तात्यांनी लाकडाच्या रेषांवरून बोट फिरवायला लावले. रेषा ज्या दिशेने वर चढतात त्या दिशेने रंधा चालवायचा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तसा, उलटा फिरवला तर अंगावर येणारच. शिवणकामवाल्या ताईंना हे सर्वांत आधी जमले. कापडाला आडवा-उभा धागा असतो, तसाच हा, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या रंध्यातून कागदासारखी पातळ सालपटे निघू लागली. आम्ही पुरुष मंडळी घामाघूम होऊन बघत राहिलो. बायकांना हे काम जमणार नाही, असे पहिल्या दिवशी आमच्यापैकी एक जण बोलून गेला होता. तो कोण, ते येथे लिहीत नाही. त्याने पुढे ताईंकडूनच आपला रंधा लावून घेतला.

खरी परीक्षा जोडाची. तात्यांची खुर्ची खिळ्यांवर नव्हे, कुसू आणि भोक यांच्या जोडावर उभी असते. आडव्या दांड्याचे टोक दोन्ही बाजूंनी कापून जिभेसारखे करायचे, ते कुसू. पायात तेवढेच चौकोनी भोक पाडायचे आणि कुसू त्यात बसवायचे. सुताराचे माप सुतात चालते, एका इंचाचे आठ सूत. इंचभर जाडीच्या दांड्याला तीन सूत जाडीचे कुसू, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. त्याहून जाड केले तर पाय भोकापाशी पोकळ होऊन फुटतो, बारीक केले तर कुसू मोडते.

खिळा का नको? खुर्चीवर माणूस नुसता बसत नाही. तो रेलतो, मागच्या दोन पायांवर झुलतो, हातावर जोर देऊन उठतो. दर वेळी जोडाला हिसका बसतो. खिळा दोन-चार तंतूंच्या जोरावर धरून असतो, हिसक्यांनी त्याचे भोक मोठे होत जाते. कुसू मात्र सर्व बाजूंनी लाकडाला भिडलेले असते. कोणत्याही खुर्चीत सर्वांत आधी ढिली होणारी जागा एकच, बैठकीचा बाजूचा दांडा जिथे मागच्या पायाला मिळतो ती. आपल्या घरातली कुठलीही लाकडी खुर्ची हलवून पाहा, तिथेच कुरकुरते. इजिप्तच्या थडग्यांमध्ये सापडलेल्या, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या खुर्च्यांमध्येही हाच जोड आहे. माणसाला यापेक्षा चांगले काही सहसा सापडले नाही.

आमचे पहिले कुसू भोकात शिरेना. आम्ही हातोडीने ठोकले. पाय उभा चिरला, वरपासून वीतभर. दोन रविवारांची मेहनत गेली. तात्या काही बोलले नाहीत. दुसरा तुकडा पुढे केला आणि म्हणाले, "कुसू हातानं निम्मं जायला पाहिजे, बाकी निम्मं हलक्या ठोक्यानं. ठोकावंच लागलं तर समजायचं, मोजण्यात चुकलंय." त्या दिवशी मंचरला परतताना गाडीत कोणी बोलले नाही. खरे सांगायचे तर पुन्हा जाऊ नये असेच वाटत होते. अम्मींनी विचारले, "कुठवर आली?" आम्ही म्हणालो, "एक पाय झाला." तो झालेला नव्हता. पुढच्या रविवारी गेलो ते त्या खोट्याची भरपाई करायला.

हात आणि डोके

लोणीहून जवळच पाबळ. तिथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेले, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले हे शास्त्रज्ञ पत्नी मीराताईंसह मुद्दाम एका दुष्काळी गावात येऊन राहिले. त्यांचा विचार साधा होता. शाळेत न रमलेले मूल मठ्ठ नसते, त्याला हातांनी काम करत शिकता येते. तिथल्या एका वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात मुले वर्कशॉप, ऊर्जा, शेती-पशुपालन, घर-आरोग्य असे सगळे करत करत शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये उभारली ती याच पाबळमध्ये. कलबाग सर २००३ मध्ये गेले, आश्रमाचे काम चालू आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली आणि हस्तकौशल्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या नव्या शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. आपल्या वस्त्यांमध्ये कितीतरी मुले शाळा सोडून फर्निचरच्या, वेल्डिंगच्या, गॅरेजच्या कामाला लागतात. त्यांच्या हातांना अक्कल असते, पण तिला आपण शिक्षण म्हणत नाही आणि त्यांना कोणी त्यामागचे गणितही समजावून देत नाही.

आमच्या भाच्याचे उदाहरण घ्या. चौकट काटकोनात आहे की नाही, हे कसे तपासायचे? तात्यांनी दोरी दिली. समोरासमोरचे कोपरे मोजा, दोन्ही तिरपी मापे सारखी आली तर चौकट खरी. भाच्याने मोजले, दोन सुतांचा फरक आला. त्याने चौकट जरा दाबली, पुन्हा मोजले आणि एकदम म्हणाला, "मामू, हे तर कर्ण आहेत. आयताचे कर्ण समान असतात!" गुरुजींनी मग त्याला तीन-चार-पाचचा त्रिकोण जमिनीवर आखून दाखवला. त्या दिवसापासून दोघे चहाच्या सुट्टीत खडू घेऊन बसू लागले. भाचा पुरवणी परीक्षेला बसला. पस्तीसपैकी पस्तीस म्हणावे तसे, काठावर पास झाला. चमत्कार झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण "मला डोकंच नाही" हे त्याचे पालुपद बंद झाले.

आणि सुतारकामाला हलके समजणाऱ्यांना एवढेच आठवण करून द्यावेसे वाटते, की ह. जकरिया (अ.) सुतार होते असे हदीसमध्ये आले आहे, आणि मस्जिदे नबवीतील मिंबर एका सुतारानेच झाऊच्या लाकडाचे बनवले होते. आपण ज्याला खुर्ची म्हणतो तो शब्दही अरबी ‘कुर्सी’वरूनच मराठीत आला आहे.

चार पाय, एक जमीन

नवव्या रविवारी खुर्ची उभी राहिली. जोडांना सरस लावला, ठोकून बसवले, आरपार भोक पाडून लाकडी खुंट्या मारल्या, दोरीचा पीळ देऊन चोवीस तास आवळून ठेवली. दुसऱ्या दिवशी दोरी सोडली आणि खुर्ची डुगडुगली!

एक पाय लांब होता. आम्ही तो जरा कापला. मग दुसरा लांब झाला. तो कापला. कॉलेजवाल्या मुलीनेही आपल्या खुर्चीवर हाच उद्योग चालवला होता. तात्या ओरडले, "थांबा! असं कापत बसलात तर खुर्चीचा चौरंग होईल." योग्य रीत अशी. सपाट फरशीवर खुर्ची ठेवायची. आखूड पायाखाली कागदाच्या घड्या सारून ती स्थिर करायची. मग एका लहान लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून, तो ठोकळा फरशीवरूनच सरकवत चारही पायांभोवती रेघ मारायची. सगळ्या रेघा जमिनीपासून सारख्या उंचीवर येतात. तेवढेच कापायचे. आम्ही पाव इंच कापले आणि खुर्ची दगडासारखी बसली. तात्यांनी पाय आखताना प्रत्येकी अर्धा इंच जास्तीचा का ठेवायला लावला होता, ते तेव्हा समजले. आमच्या चुका त्यांनी आधीच मापात धरल्या होत्या.

शेवटी काचपेपर आणि जवसाचे तेल. येथे एक सावधगिरी जरूर लिहून ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळी पसरून वाळवावीत.

अम्मी उस्ताद झाल्या

बैठक अजून बाकी होती. तात्या म्हणाले, वेत घाला किंवा सुती नवार. नवार आणली, पण विणायची कशी? तात्यांना स्वतःला ते फारसे येत नव्हते, त्यांच्याकडे विणणारा माणूस वेगळा असायचा. आम्ही घरी हा पेच सांगितला. अम्मी तसबीह ठेवून म्हणाल्या, "नवार? अरे, माझ्या माहेरी सगळ्या बाजा आम्ही बहिणीच विणायचो."

अकराव्या रविवारी अम्मी आमच्याबरोबर लोणीला आल्या. पडवीत पलंग टाकून त्यांना बसवले. समोर खुर्चीचा रिकामा सांगाडा आणि आजूबाजूला आम्ही सात शिकाऊ. अम्मींनी नवार आधी पाण्यात भिजवायला सांगितली. ओली ताणून विणली की वाळल्यावर घट्ट बसते. मग पुढून मागे गुंडाळायला सुरुवात केली. एकाने ताणून धरायचे, एकाने गुंडाळायचे. उभे पट्टे झाल्यावर आडवे, एक वरून, एक खालून, चटईसारखे. बोटांनी दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "ढिली आहे, सोड. पुन्हा ताण." आमच्या अकरा रविवारांच्या कष्टाची त्यांनी जरासुद्धा भीड ठेवली नाही. दोनदा उसवायला लावले.

तात्या दुरून पाहत होते. हसून म्हणाले, "भाभी, तुम्ही आधी आला असता तर माझी निम्मी डोकेदुखी वाचली असती." अम्मी म्हणाल्या, "भाऊ, लाकूड तुमचं, दोर माझा. दोघांशिवाय कुणी बसणार नाही."

गेले काही महिने आम्ही अम्मींकडे केवळ सांभाळायचे माणूस म्हणून पाहू लागलो होतो. पाणी द्या, औषध द्या, धरून उठवा. त्यांच्या हातांत काय काय साठलेले आहे, हे विचारायचेच राहून गेले होते. त्या दिवसानंतर ताईंच्या आणि गुरुजींच्या खुर्च्याही अम्मींच्याच देखरेखीखाली विणल्या गेल्या.

तुम्हालाही करायचे असेल तर

वाचकहो, हिशेब सांगतो. जुने सागवान सुमारे दीड हजार, नवार, सरस, तेल, काचपेपर मिळून पाचशेच्या आसपास. पेट्रोल आणि चहा वेगळा. तात्यांनी मेहनताना घ्यायला नकार दिला, तेव्हा सर्वांनी मिळून त्यांच्या पडवीचा गळका पत्रा बदलून दिला. बाजारात दोन हजारांत खुर्ची मिळते आणि तीही त्याच दिवशी. त्यामुळे पैसे वाचवायला हे करू नका. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस, अपंग मूल किंवा नेहमीच्या मापात न बसणारे कुणी आहे, त्यांनी जरूर करावे.

सुरुवात खुर्चीने करू नये, पाटाने किंवा स्टुलाने करावी. चार-पाच जण मिळून शिकावे, म्हणजे अवजारांचा खर्च वाटला जातो आणि एकाची चूक सगळ्यांना शिकवते. आपल्या गावातला जुना सुतार शोधावा आणि त्याला योग्य मोबदला व मान द्यावा. बैठकीची उंची ठरवताना माणसाला त्याच्या रोजच्या चपलांसह किंवा अनवाणी, जसा तो खुर्ची वापरणार असेल तसे मोजावे. फरशी गुळगुळीत असेल तर पायांना रबर लावावा.

हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या मुलांसाठी आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते. वय १८ पूर्ण हवे आणि कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. नियम बदलत असतात, म्हणून केंद्रावर जाऊन खात्री करून घ्यावी.

खुर्ची आता अम्मींच्या खोलीत खिडकीपाशी आहे. ती देखणी नाही. एका हाताच्या टोकाला आमच्या पटाशीची ओरखड आहे आणि उजव्या पायाच्या जोडात पातळ पाचर भरलेली दिसते. पहिल्या दिवशी अम्मींनी नेहमीप्रमाणे तिचा हात धरून हलवून पाहिला. ती हलली नाही. मग बसल्या, तळवे टेकले, दोन्ही हातांवर जोर देऊन उठल्या, पुन्हा बसल्या. भिंतीकडे हात गेला नाही.

तात्यांच्या पडवीत रविवार अजून भरतो. सध्या भाचा तिथे एका शेजाऱ्याच्या मुलासाठी पाळणा करतो आहे. त्याचे पहिले कुसू, अल्हम्दुलिल्लाह, हातानेच निम्मे आत गेले.